अंथरूण पाहून पाय

माझा उजवा गुडघा गेली सहा वर्षं दुखतो आहे. जिना उतरताना त्यातून सुपारी फोडल्यासारखा आवाज येतो. या सहा वर्षांत त्या गुडघ्याची आपुलकीने चौकशी करणारे तिघेच निघाले: डॉक्टर, औषधवाला आणि एक विमा एजंट. मध्यंतरी मात्र एका सकाळी आमच्या वाडीतली अठरा माणसं पायाची चौकशी करायला घरी येऊन गेली. पाय माझा नव्हता. ज्याचा होता त्याचं वजन तीस ग्रॅम होतं आणि वय एक दिवस.

झालं असं. मुंबईतली नोकरी संपवून आम्ही राजापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी राहायला आलो. आलो ते घर सुधारूनच. जुन्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या. त्या इतक्या चकचकीत की त्यांत स्वतःचं टक्कल वरून आणि खालून, असं दोन्हीकडून दिसतं. गावात आलेल्या माणसाने कोंबड्या पाळायच्या असतात, हे मी ऐकून होतो. आत्याच्या खुराड्यात चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होताच. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं मोजायची, एवढं सोपं शास्त्र. पण आमचा भाचा इंजिनिअर. तो म्हणाला, "मामा, कोंबडीच्या लहरीवर कसले अवलंबून राहता?" आणि पुढच्या खेपेला तो थर्माकोलचा एक खोका घेऊन आला. आत बल्ब, एक छोटा पंखा, वाटीभर पाणी आणि तापमान बघणारी डबी. कोंबडीचं सगळं कर्तृत्व त्याने दीड हजार रुपयांत बसवलं होतं.

आत्याने खोक्याकडे एकदा पाहिलं. "याला पंख कुठायत?" एवढंच विचारून ती आत गेली.

बारा अंडी ठेवली. आत साडेसदतीस अंश, ना कमी ना जास्त. दिवसातून तीनदा अंडी उलटायची. आकडा विषमच हवा, म्हणजे रात्रीची मोठी झोप प्रत्येक वेळी वेगळ्या कुशीवर होते. मी पेन्सिलीने प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला. सकाळी फुल्या, दुपारी गोळे, रात्री पुन्हा फुल्या. माझ्या स्वतःच्या मुली लहान होत्या तेव्हा रात्री त्यांची कूस बदलायला मी एकदाही उठलो नाही, ही माहिती या काळात मला घरातून वारंवार पुरवण्यात आली. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून अंडी पाहिली. दहांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. दोन कोरी निघाली, ती बाजूला काढली.

सोळाव्या दिवशी वीज गेली. चार तास. आम्ही खोक्याला गोधडी गुंडाळली, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. भाचा पुण्याहून फोनवर दर दहा मिनिटांनी तापमान विचारत होता. एकदा आकडा चौतीसवर उतरला, मग आमच्या उत्साहाने एकोणचाळीसवर चढला. आणि सतराव्या दिवशी आत्याची तांबडी कोंबडी खुडूक झाली. तिच्याखाली अंडी नव्हती. ती एका रिकाम्या करवंटीवर बसली. पण अशी बसली, की तिच्या आणि करवंटीच्या मध्ये यायची यमाचीही छाती झाली नसती. आत्या मला बोलली काहीच नाही. फक्त जाता-येता खुराड्याकडे बघायची आणि मग थर्माकोलकडे.

एकविसाव्या दिवशी पहाटे अंड्याला पहिला तडा गेला. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक बारीक कठीण दाणा असतो. कवच फोडण्यापुरताच त्याचा जन्म, नंतर काही दिवसांत तो गळून पडतो. त्या दाण्याने आतून टक, टक. मग विश्रांती. मग पुन्हा टक, टक. पहिल्या तड्यापासून बाहेर येईपर्यंत बारा-चौदा तास गेले. संध्याकाळपर्यंत दहांतली सात पिल्लं बाहेर आली. ओली, लिबलिबीत, चिडलेली. सुकल्यावर मात्र त्यांचे पिवळे-तपकिरी गोळे झाले आणि नात टाळ्या वाजवायला लागली.

खोक्यातून काढून त्यांना बल्ब लावलेल्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं होतं. त्यात खाली घालायला मी स्वच्छ कागद शोधला. घरात सगळ्यांत स्वच्छ, न चुरगळलेला, कोणी हातही न लावलेला कागद म्हणजे रविवारच्या पुरवणीचं ते पान, ज्यात माझा विनोदी लेख छापून आला होता. पान गुळगुळीत, रंगीत. लेखाचा मथळा वर येईल असं ते मी अंथरलं. पिल्लांच्या मनावर पहिला संस्कार चांगला व्हावा, एवढाच हेतू.

सहा पिल्लं उठली, धडपडली, पुन्हा उठली. सातवं उठलं आणि त्याचे दोन्ही पाय दोन बाजूंना सरकले. त्याने पुन्हा जोर लावला. पाय आणखी सरकले. शेवटी ते पोटावर आडवं झालं, एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला, मधे माझ्या लेखाचा दुसरा परिच्छेद. माझा लेख वाचून कोणीतरी जमिनीवर लोळावं ही माझी तीस वर्षांची इच्छा होती. ती अशी पुरी होईल, असं वाटलं नव्हतं.

सकाळपर्यंत बातमी वाडीभर झाली. गावात माणूस आजारी पडला तर लोक संध्याकाळी येतात, कामं आटोपून. कोंबडीचं पिल्लू आजारी पडलं तर सकाळीच येतात.

पहिले आले ते शेजारचे निवृत्त गुरुजी. त्यांनी चष्मा पुसून पिल्लाकडे पाहिलं आणि "फेंगडं आहे" असं निदान केलं. शब्द अगदी बरोबर होता. इंग्रजीत याला कितीही भारदस्त नाव असो, पाय फाकून चालणाऱ्याला फेंगडा म्हणायची सोय आपल्या भाषेत आधीपासून आहे. मग रावणाच्या दरबारात पाय रोवून उभ्या राहिलेल्या वीराची आठवण काढून गुरुजींनी त्याचं नाव अंगद ठेवलं. "कोणाला तो पाय हलवता आला नाही, आणि याला एका जागी ठेवता येत नाही," असा खुलासाही केला. गुरुजींचा विनोद खुलाशाशिवाय पुरा होत नाही.

त्यानंतर उपायांचा पाऊस पडला. एकाने एरंडेल चोळायला सांगितलं. एकीने दृष्ट काढायला सांगितलं, आणि लगेच मीठ-मोहऱ्या मागवल्याही. एका गृहस्थांनी दोन्ही पाय हातात घेऊन ओढायचं प्रात्यक्षिक करायला सुरुवात केली, तेव्हा आत्याने त्यांच्या हातावर चापट मारली. वरच्या आळीतला एक तरुण म्हणाला, "दोन महिने थांबा काका. सगळ्या पायांवर एकच उपाय, खोबऱ्याचं वाटण." त्याला चहा न देता परत पाठवलं.

मोठा वाद झाला तो गुडघ्यावर. गुरुजींचं म्हणणं, कोंबडीचा गुडघा मुळातच उलटा असतो. मागे वाकतो, म्हणून तोल सांभाळायला वेळ लागतो. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मी फोन पिल्लावर धरला.

"बाबा, तो गुडघा नाहीये. तो घोटा आहे."

"मग गुडघा?"

"वर. पिसांत लपलेला. तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. पक्षी बोटांवर चालतात बाबा. टाच वर उचललेलीच असते, जन्मभर."

ओटीवर शांतता पसरली. पंचाहत्तर वर्षं कोंबड्या पाहिलेल्या, आणि त्याहून जास्त खाल्लेल्या, माणसांसमोर एका मुलीने कोंबडीचा गुडघा दीड इंच वर सरकवला होता. ताटात येते ती तंगडी म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची पोटरी, हेही तिने सांगितलं. गुरुजी हळूच म्हणाले, "म्हणजे अक्कल गुडघ्यात असेल तर कोंबडीची शोधायला पिसं चाचपायला हवीत." या विनोदाचा खुलासा त्यांनी केला नाही. धक्का मोठा होता.

इलाज सांगितला तो तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी, तोही फोनवरून, दोन मिनिटांत. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो पायाबद्दल नव्हता.

"खाली काय घातलंय?"

"पेपर."

"काढा तो आधी."

लेखकाच्या आयुष्यात असे क्षण येतात. मी पान काढलं.

डॉक्टर म्हणाले, अंड्यात असताना तापमान खालीवर झालं, पिल्लू आत वेडंवाकडं बसलं, किंवा आईच्या खाण्यात जीवनसत्त्वं कमी पडली, तर पाय कमजोर निघतात. पण बऱ्याच वेळा पिल्लू ठीक असतं, खालची जागा गुळगुळीत असते. पहिल्या दोन दिवसांत हाडं आणि सांध्यांचे बंध मऊ असतात, मांडीत जोर नसतो. पाय एकदा बाहेर घसरले की पिल्लू त्यांना आत ओढू शकत नाही. मग ते तसेच बाहेर राहतात, आणि चार-आठ दिवसांत तशीच सवय होऊन बसते. म्हणून आज करा, उद्यावर टाकू नका.

आता कृती. ज्यांना कोंबड्यांत रस नाही त्यांनीही वाचावी, कारण आयुष्यात कोणाचे पाय कधी फाकतील सांगता येत नाही.

प्रथमोपचाराच्या डब्यातली कापडी चिकटपट्टी घ्यायची, जखमेवर लावतो ती, मधे कापसाची गादी असलेली. ती उभी कापून साधारण एक सेंटिमीटर रुंद करायची. पिल्लाच्या पायाची नळी, म्हणजे बोटांच्या वर आणि घोट्याच्या खाली असलेला काडीसारखा भाग, तिथे एका टोकाने एक पाय आणि दुसऱ्या टोकाने दुसरा पाय सैलसर गुंडाळायचा. गादीचा भाग मधे येतो. दोन पायांत अंतर पिल्लू नीट उभं राहिल्यावर असतं तेवढंच, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. जास्त जवळ बांधलं तर पडतं, लांब बांधलं तर उपयोग नाही. घट्ट बांधलं तर पाय सुजतो. आणि चिकट भाग पिसांना लागू द्यायचा नाही.

लिहायला हे सोपं आहे. करायला बसलो तेव्हा घरात दोन चष्मे, एक नखं कापायची कात्री आणि एकूण चौदा थरथरणारी बोटं होती. हिने पिल्लू पंखासारख्या पालथ्या मुठीत धरलं. मी पट्टी कापली. पहिली पट्टी माझ्या अंगठ्याला चिकटली. दुसरी माझ्या आणि हिच्या अंगठ्यांना मिळून चिकटली. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर इतक्या घट्ट गाठीची आम्हा दोघांनाही अपेक्षा नव्हती. तिसरी पट्टी अंगदाच्या एका पायाला लागली, पण तेवढ्यात त्याने माझ्या तळहातावर आपलं मत व्यक्त केलं. चौथी बसली.

"अहो, फार घट्ट नाही ना?" असं ही मला विचारत होती. हा प्रश्न माझ्या पट्ट्याबद्दल, बुटांबद्दल, शर्टाच्या कॉलरबद्दल तिने कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

अंगदाला उभं केलं. तो पुढे तोंडावर पडला. पुन्हा उभं केलं. मागे बसला. डॉक्टरांनी याचीही तोड सांगितली होती: एक छोटा चहाचा कप घ्या, आत कापड घाला आणि पिल्लाला त्यात पाय अंगाखाली येतील असं बसवा. काही वेळ तो तसा बसला की पायांना आपली जागा कळते. मग आमच्या घरातला सगळ्यांत चांगला कप, जो पाहुण्यांनाही मिळत नाही, त्यात अंगद बसला. वर फक्त डोकं. दिवसभर लोक येऊन कपात डोकावत होते आणि घरात चहा मात्र स्टीलच्या पेल्यांतून सुरू होता.

कपाबाहेर काढल्यावर तो चालणार कशावर, हा प्रश्न उरला. टाइल्सवर नाही, पेपरवर नाही. आत्याने माळ्यावरून तांदळाचं रिकामं गोणपाट आणलं, दोनदा झटकलं आणि खोक्यात अंथरलं. त्या खरबरीत विणीत अंगदाची बारीक नखं रुतली. पहिल्यांदाच त्याने जमीन धरली. दुसऱ्याच दिवशी तो पट्टीसकट चालायला लागला, तीन पायांच्या शर्यतीतल्या मुलासारखा, दोन्ही पाय एकदम टाकत.

तोपर्यंत दुसरा रुग्ण सापडला होता. एका पिल्लाच्या उजव्या पायाची बोटं आत वळलेली होती, मूठ आवळल्यासारखी. क्रांतीची घोषणा देणार असं वाटावं, पण ते त्याच मुठीवर चालायचा प्रयत्न करून पडत होतं. अंड्यात जागा अपुरी पडली, की असं होतं. आईच्या खाण्यात ब२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, कमी असेल तर पायाच्या नसांवर परिणाम होऊनही होतं. पाण्यात घालायला डॉक्टरांनी जीवनसत्त्वांचे थेंब दिले आणि बाटली उजेडात ठेवू नका म्हणून बजावलं, कारण हे जीवनसत्त्व उजेडात नासतं. आणि वळलेल्या बोटांसाठी सांगितला बूट.

हो, बूट. जाड पुठ्ठ्याचा, पायाच्या पंज्याएवढा तुकडा. त्यावर तीन बोटं पुढे, एक मागे अशी सरळ पसरायची आणि वरून चिकटपट्टीने धरून ठेवायची. एक-दोन दिवसांत बोटं सरळ होतात, मात्र हे जन्मल्याबरोबर करायला हवं. जाड पण हलका पुठ्ठा घरात शोधता लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडला. मी एका पत्रिकेचा वरचा भाग कापला. परिणामी त्या पिल्लाच्या तळव्याखाली 'श्री गजानन प्रसन्न' यातला 'प्रसन्न' तेवढा आला. देव पायाखाली येऊ दिला नाही, एवढी काळजी मी घेतली होती. आत्याने तपासून पाहिलं आणि हे चालेल म्हणाली.

अडचण निराळीच निघाली. पत्रिकेची अक्षरं सोनेरी होती. चकाकणाऱ्या गोष्टीवर चोच मारणं हा पिल्लाचा धर्म. अंगद दिवसभर दुसऱ्याच्या बुटाला टोचत बसला. शेवटी मी अक्षरांवर मळकट पट्टी चिकटवली. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाने अनवाणी, असं ते पिल्लू गोणपाटावर टप-फस, टप-फस असा आवाज करत हिंडायचं. लग्नात चपला चोरीला गेलेला पाहुणा मांडवातून असाच हिंडतो.

उरलेली पाच धडधाकट पिल्लं आत्याने दुसऱ्या रात्री नेली. अंधारात, टॉर्चही न लावता तिने करवंटीवर बसलेल्या तांबडीच्या पोटाखालची करवंटी हळूच काढली आणि एकेक पिल्लू सारलं. सकाळी तांबडी पाच पिल्लांची आई होऊन खुराड्याबाहेर आली आणि अंगणभर "क्लक, क्लक" करत फिरू लागली. तिच्या मते तिने करवंटी उबवली होती आणि तिला यश आलं होतं. भाच्याने फोनवर हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

यानंतर मी वाचायला लागलो. निवृत्त माणसाच्या हातात कोंबडीचा पाय आला की तो वाचायला लागतोच. आणि कळलं, की जगातल्या एका फार मोठ्या शोधाची सुरुवात लटपटणाऱ्या कोंबड्यांच्या पायांपासून झाली आहे. साधारण 1890 च्या सुमारास, जावा बेटावरच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लटपटू लागल्या, पाय टाकताना कोसळू लागल्या. मग काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. कारण निघालं स्वयंपाकघरात. कोंबड्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा, पॉलिश केलेला तांदळाचा भात मिळत होता. मग स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याचा बाणा असा, की सैनिकांचा भात नागरी कोंबड्यांना मिळणार नाही. त्याने भात बंद केला, त्यांना कोंडा असलेला तांदूळ मिळू लागला, आणि पाय सुधारले. कोंड्यात काहीतरी आहे, हे त्यातून हळूहळू उमगत गेलं. त्या 'काहीतरी'ला पुढे जीवनसत्त्व म्हणायला लागले आणि आइकमनना 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्या नियमावर बोट ठेवणाऱ्या स्वयंपाक्याला काही मिळालं नाही. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांतून अशा नियमनिष्ठ माणसांच्या पिढ्या गेल्या. त्यांच्यामुळे लोकांचे पाय दुखल्याचं मला माहीत आहे, बरे झाल्याचं हे एकच उदाहरण.

हे मी आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती तांबडीच्या पिल्लांपुढे कणी आणि भाताचा कोंडा कालवून ठेवत होती.

"म्हणजे कोंडा घालावा, असंच ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग मी काय करतेय?"

कोंड्यात मँगेनीजही असतं, मक्यात ते फार कमी. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असं दिसलं, की ते कमी पडलं तर पिल्लाच्या घोट्यामागची शीर खोबणीतून घसरते आणि पाय वळतो. मीही दुसऱ्या आठवड्यात ते पाहिलं. तांबडीच्या पहिल्या पाचांपैकी एकाचा घोटा सुजला, पाय बाजूला फिरला. डॉक्टर म्हणाले, अगदी सुरुवातीला हाताने शीर जागेवर सरकवता आली तर आली, उशीर झाला की अवघड. आम्हाला उशीर झाला होता. तीन दिवसांनी ते गेलं. त्या दिवशी चौकशीला कोणी आलं नाही. आत्याने परसात फणसाखाली एक लहान खड्डा केला आणि हात धुऊन आत आली.

याच वेळी डॉक्टरांनी मला एक कसोटी शिकवली. ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. जन्मल्या जन्मल्या पाय बाजूंना फाकले, तर पट्टी. महिना-दीड महिन्यानंतर एक पाय पुढे आणि एक पाय मागे टाकून कोंबडी पडली, तर पट्टी नाही, फोन. तो मरेक रोग, 1907 मध्ये योझेफ मरेक या हंगेरियन पशुवैद्याने सांगितलेला. त्याला इलाज नाही. लस असते, ती पहिल्याच दिवशी टोचायची. आडवे पाय घरी बघता येतात, उभे पाय डॉक्टरांनी बघायचे, एवढं मी घोकून ठेवलं आहे.

या सगळ्याच्या आधी, चौथ्या दिवशीच अंगदाची पट्टी काढायची ठरली. तोवर रोज एकदा पाहत होतोच: सूज नाही, पट्टी सैल नाही. काढताना बोटभर खोबरेल लावलं, कडा भिजू दिल्या आणि कात्रीच्या टोकाने हळूच सोडवली. वाडीतली निम्मी मंडळी जमली होती. कोणीतरी नारळही आणला होता, पण तो फोडायचा की ठेवून द्यायचा यावर एकमत होईना.

मी अंगदाला गोणपाटावर ठेवलं. तो उभा राहिला. थोडा डगमगला. इकडे तिकडे पाहिलं. मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि एकदम पळत सुटला तो थेट बूटवाल्याच्या पायावर चोच मारायला. बूटवाल्याचा बूट दोन दिवसांपूर्वीच निघाला होता. बोटं सरळ झाली होती. चोच खाऊन तोही पळाला. नात टाळ्या वाजवू लागली. नारळ फुटला.

आनंदाच्या भरात मी अंगदाला उचलून आमच्या चकचकीत टाइल्सवर ठेवलं, लोकांना नीट दिसावा म्हणून. त्याचे पाय सर्रकन दोन बाजूंना गेले.

सगळ्यांचा श्वास अडकला. आत्याने त्याला उचललं, पुन्हा गोणपाटावर ठेवलं. तिथे तो पुन्हा सरळ उभा.

"पाय बरा झालाय त्याचा," आत्या म्हणाली. "तुझी जमीन बरी झालेली नाही."

मग ती मला पडवीत घेऊन गेली. घराचा तेवढाच भाग माझा सुधारायचा राहिला होता. तिथली जमीन अजून शेणाने सारवलेली आहे, बोटांच्या अर्धगोल रेघांची. त्या रेघांवर अंगद असा चालला की जणू रस्ता त्याच्यासाठीच आखला होता. या जमिनीवर शंभर वर्षं पिल्लं फिरली असतील. फेंगडं एखादंच निघालं असेल, असं आत्याचं म्हणणं. आणि शंभर वर्षं इथल्या म्हाताऱ्या माणसांनीही याच जमिनीवर पाय टेकवले. माझ्या टाइल्स घालून एक वर्ष झालं आहे आणि त्यांवर आजवर घसरलेल्यांची यादी अशी: मी दोनदा, ही एकदा, गुरुजी एकदा, गॅस सिलिंडरवाला एकदा, अंगद एकदा.

त्या रात्री अंगद आणि बूटवालाही तांबडीच्या पंखाखाली गेले. तिने एकदा चोच मारून हजेरी घेतली आणि सामावून घेतलं. आता ती सहाही पिल्लं अडीच महिन्यांची झाली आहेत. त्यातला अंगद कोणता, हे मला ओळखता येत नाही. कोणीतरी विचारलं तर मी अंगणातल्या सगळ्यांत तुरेबाज कोंबड्याकडे बोट दाखवतो. आत्या म्हणते, ती तलंग आहे.

माझ्या गुडघ्याचं म्हणाल तर मुलीने फोनवर पाहिलं, आणि पहिला प्रश्न तिनेही तोच विचारला: "बाबा, खाली काय घातलंय?" न्हाणीघरात आता रबराची चटई आहे आणि जिन्याला काथ्याचा पट्टा. आवाज येतो अजून, पण पडलेलो नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अंगदाने ते तंतोतंत पाळलं होतं. त्याने अंथरूण पाहिलं आणि पाय पसरले. चूक होती ती अंथरूण घालणाऱ्याची.

म्हणून घरात पिल्लं येणार असतील तर एवढं कराच. पहिला आठवडाभर त्यांच्याखाली गोणपाट घाला, जुना टॉवेल घाला, खरबरीत काहीही घाला. पेपर घालू नका. आणि हा लेख ज्या पानावर छापून येईल ते तर मुळीच नको, ते फारच गुळगुळीत असतं.